पाचव्या कोटाचं माप

८ जानेवारी

वहिनी,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नका. घरी सगळं ठीक आहे. हे सगळ्यात आधी लिहिलं, कारण इतक्या वर्षांनी आलेलं पत्र माणूस उभ्या उभ्या फोडतो आणि पहिल्या ओळीत कोण गेलं ते शोधतो. कोणी गेलेलं नाही.

काम आहे म्हणून लिहितोय. तुमचा पत्ता नाटक मंडळाच्या कचेरीतून घेतला. तिथे दरवर्षी तुमचं शुभेच्छांचं कार्ड येतं. घरच्या पत्त्यावर येत नाही, हे माझ्या लक्षात आलेलं आहे, पण तो आजचा विषय नाही.

आपलं नाट्यगृह छताच्या दुरुस्तीसाठी वसंतात बंद राहणार. पडद्यामागची सगळी माणसं रिकामी. मागच्या आठवड्यात आम्ही रिकाम्या रंगमंचावर पाय सोडून बसलो होतो, तेव्हा फ्यूज म्हणाला, "तो पूल आपण किती वेळा मांडला आणि किती वेळा काढला. एकदा खऱ्यावरून चालून येऊ की."

राणीसाहेब म्हणाल्या, "खऱ्या पुलाच्या पायऱ्या तरी करकरणार नाहीत."

मी तिकडे दुर्लक्ष केलं. माझ्या पुलाच्या पायऱ्या कधीच करकरत नव्हत्या. राणीसाहेबांचे बूट करकरायचे.

तर असं ठरलंय. युरोप बघायचा तर ज्या शहरावर ते नाटक होतं तेच शहर बघायचं, आणि ते तुमचं शहर आहे. सहल कंपनीचा माणूस येऊन गेला. त्याच्याकडे एका फेरीत सात शहरं होती. मी त्याला म्हटलं, आम्हाला एकच हवंय, त्यातही नदीच्या काठचा तेवढा भाग. तो म्हणाला, "मग इतके दिवस तिथे करणार काय तुम्ही?" कुजबुज म्हणाला, "बसणार." तो माणूस त्याची रंगीत पुस्तकं उचलून गेला. त्यामुळे आता सगळी आखणी माझ्याकडे आहे, आणि खरं सांगायचं तर ती माझ्याकडेच असलेली बरी.

येणारी माणसं तुमच्या ओळखीचीच आहेत. फ्यूज आता लाइटचा मुख्य झालाय, दादाच्या जागेवर. तरी शिडीवर चढण्याआधी अजून मान वर करून बघतो, जणू दादा वर बसलाय आणि त्याची परवानगी घ्यायचीय. राणीसाहेबांनी काम सोडलं, तोरा सोडला नाही. कुजबुज अजून प्रॉम्प्टरच आहे, पण त्याला ऐकू कमी येतं, त्यामुळे त्याची कुजबुज हल्ली शेवटच्या रांगेपर्यंत जाते. प्रेक्षक नटाच्या आधी वाक्य म्हणतात. चौथा मी.

पाचवं माणूस जरा वयस्कर आहे. गुडघे दुखतात. त्याची ओळख तिथे आल्यावर होईलच.

मला एवढं कळवा. पुलाजवळ साधं हॉटेल कोणतं. त्याला लिफ्ट आहे का, आणि असली तर एक खुर्ची आत मावेल एवढी आहे का. ट्रामची पायरी उंच असते की रस्त्याच्या पातळीला. पुलावर बसायला बाक आहेत का, असले तर पाठीचे की बिनपाठीचे.

तुमच्या यजमानांना माझा नमस्कार सांगा. पियानो दुरुस्त करतात असं ऐकलं. चांगलं काम आहे. लाकूड आणि तार दोन्ही कळावं लागतं.

तुमचा,
धाकटा दीर


२ फेब्रुवारी

वहिनी,

पत्र मिळालं. लिफ्टची रुंदी दिलीत, खोली दिलीत, आणि दार आत उघडत नाही, बाजूला सरकतं, हेही लिहिलंत. दहा जणांना विचारलं असतं तर नऊ जणांनी "छोटी आहे" एवढंच कळवलं असतं. मापं घेणाऱ्या हाताला विचारण्याचा हा फायदा.

घरचं तुम्ही काही विचारलं नाहीत, म्हणून मीही लिहीत नाही. स्वयंपाकघराची खिडकी नवीन बसवली. दादाची खुर्ची मी पुन्हा विणली. हे लिहायचं नव्हतं, हात थांबला नाही.

पुलाबद्दल तुम्ही जे लिहिलंय ते मी दोनदा वाचलं. दिवे एकाच बाजूला आहेत, दुसऱ्या बाजूला नुसता कठडा, असं तुमचं म्हणणं. मी तो पूल एका पोस्टकार्डावरून बांधला. पोस्टकार्डात एकच बाजू दिसत होती, दुसरी मी माझ्या डोक्याने केली. मला कोणी आर्किटेक्टचं कॉलेज दाखवलं नव्हतं, पण जड पुलाला एका बाजूला ओझं देऊन चालत नाही, एवढं मला कळतं. दिवे दोन्ही बाजूंना हवेत. याचा विचार तुमच्या शहराने करावा.

आमची प्रवासाची तालीम जोरात आहे. हसू नका. तालमीशिवाय मी आजवर पडदा वर जाऊ दिलेला नाही, मग विमान कसं जाऊ देईन? तालमीच्या हॉलच्या जमिनीवर मी चिकटपट्टीने सगळं आखलं. विमानातली जागा, मधली वाट, पासपोर्टची रांग, सामानाचा पट्टा. खुर्च्या विमानातल्या अंतरानेच मांडल्या. पहिल्याच दिवशी राणीसाहेब त्यांची ट्रंक घेऊन मधल्या वाटेत अडकल्या.

"ही वाट तू मुद्दाम अरुंद आखलीस."

"कंपनीच्या नकाशाप्रमाणे आहे."

"मग कंपनीला सांग, राणीसाहेब येतायत."

कुजबुज पासपोर्ट तपासणारा अधिकारी झाला होता. फ्यूजला त्याने विचारलं, "येण्याचं कारण?" फ्यूज म्हणाला, "तुमचे दिवे बघायचेत." कुजबुजने त्याला आत सोडलं नाही. संशयास्पद वाटला म्हणे.

पाचव्या माणसाला खिडकीजवळची जागा दिली होती. हातातली पिशवी खुर्चीखाली ठेवायला सांगितलं तर नकार. "विमान पडलं तर पिशवी हातात असलेली बरी," असं उत्तर मिळालं. मी पुढे वाद घातला नाही. तिथे वाद घालून कोणाला फळ मिळालंय?

आता कोटांचं. तुमच्या तिथल्या थिएटरच्या साठ्यातले जुने गरम कोट आमच्या अंगाचे करून ठेवते म्हणालात. मी नको म्हणणार होतो, पण वसंतातही नदीवरचा वारा हाडांत शिरतो असं लिहिलंत, आणि आमच्यातलं एक हाड जुनं आहे. म्हणून हो.

सोबत मापाच्या पट्ट्या पाठवतोय, तुमच्याच पद्धतीच्या. एका माणसाची एक कापडी पट्टी, टोकापासून खांद्यापर्यंत एक खाच, मग बाही, मग छाती, मग लांबी. तुमच्या वेळच्या पट्ट्या कपडेपटात अजून आपापल्या खिळ्यांना टांगलेल्या आहेत. नवी शिंपीण टेपनेच मापं घेते. पट्ट्यांना हात लावत नाही, पण तिने त्या फेकल्याही नाहीत. बाई बरी आहे. काजं तुमच्यासारखी होत नाहीत.

पट्ट्या पाच आहेत. मोजून घ्या.

तुमचा,
धाकटा दीर


२७ फेब्रुवारी

वहिनी,

आज तुमचं पाकीट आलं. चार कोट बेतून झाले, राणीसाहेबांच्या कोटाला मखमली कॉलर लावली, हे वाचलं. त्या खूश आहेत. कॉलर मुळातच असायला हवी होती असं त्यांचं मत आहे.

आणि पाचवी पट्टी परत आली. एका फितीत नीट गुंडाळून. सोबत एक शब्दही नाही.

ठीक आहे. मग आडपडदा नको. पाचवं माणूस म्हणजे आई. तुम्हाला ते पहिल्याच पत्रात कळलं असणार आणि पट्टी हातात आल्यावर तर खात्रीच झाली असणार. बाकीच्यांच्या पट्ट्यांना कात्रीच्या खाचा असतात, आईच्या पट्टीला गाठी. धडधाकट कापडाला विनाकारण कात्री लावू नका म्हणून ती तुमच्याशी भांडली होती, आणि तेव्हापासून तिच्या एकटीच्या मापाला तुम्ही गाठी मारायला लागलात. हे मला माहीत असून मी ती तशीच पाकिटात घातली. लपवायला निघालो आणि नावाची पाटी लावून पाठवलं.

आता सगळं सांगतो. पुलाचं ठरलं त्या संध्याकाळी मी घरी जेवताना सहज बोललो. ती ताटातून मान वर न करता म्हणाली, "मीही येते. तुझ्या भावाने त्या पुलावर चांदणं पाडलं होतं. खरा कसा दिसतो ते बघायचंय मला." मी म्हटलं, लांबचा प्रवास आहे, तुझे गुडघे आहेत. ती म्हणाली, "गुडघे मी घेऊन येणार आहे, तुला उचलायला सांगितलं नाही." एवढंच. तुमचं नाव तिने घेतलं नाही, मीही घेतलं नाही. तुम्ही त्या शहरात आहात हे घरात सगळ्यांना माहीत आहे आणि कोणालाच माहीत नाही, अशी गेली नऊ वर्षं आमच्याकडे पद्धत आहे.

पण तालमीला ती येऊ लागली, आणि तालीम संपली की कुजबुजबरोबर विंगेत जाऊन बसायची. मला वाटलं गप्पा मारतात. एकदा मी शिडी परत ठेवायला गेलो तर कुजबुज म्हणत होता, "आई, पहिला शब्द तेवढा लक्षात ठेवा, बाकीचं आपोआप येतं. अडलात तर मी मागे आहेच." ती एक वाक्य पाठ करत होती. तुमच्यासाठी. आयुष्यभर जिने दुसऱ्यांना गप्प केलं ती बाई शाळेतल्या मुलीसारखी हात मागे बांधून उभी होती, आणि तिसऱ्या शब्दाला अडत होती. मी शिडी तिथेच टेकवून परत फिरलो.

तुम्ही निघालात तो दिवस मी विसरलेलो नाही. तुमची मोठी बॅग घेऊन मी खाली टॅक्सीशी उभा होतो. तुम्ही वर तिच्या खोलीच्या दाराबाहेर उभ्या होतात. टॅक्सीवाल्याने दोनदा हॉर्न दिला. दादा गेल्यावरही तीन वर्षं तुम्ही त्या घरात राहिलात, कपडेपटात तिच्या शेजारी बसून शिवलंत, मग तुम्हाला तुमचं आयुष्य दिसलं आणि तुम्ही लग्न करून जायचं ठरवलंत. यात तुमचं काही चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नव्हतं. ती बाहेर आली नाही. तुम्ही खाली आलात तेव्हा तुमचा चेहरा मी बघितलाय. त्यामुळे ही पट्टी परत का आली, हे मला कोणी समजावून सांगायला नको.

मी तिची वकिली करत नाही. कोट द्या म्हणून आर्जवही करत नाही. माझं जॅकेट तिला होईल, बाह्या दुमडू. ती पूल बघेल, बाकावर बसेल, मी तिला नदीच्या अलीकडेच ठेवीन. तुमच्या रस्त्याला आणणार नाही, हा माझा शब्द. त्या वाक्याचं काय करायचं ते मला सुचत नाही. पण ते तुमच्यावर लादणं बरोबर नाही, एवढं कळतं.

तिला अजून सांगितलेलं नाही. काल तिने विचारलं, "माझ्या कोटाचा रंग कोणता?" मी करडा म्हणून सांगितलं. करडा तिला आवडत नाही, म्हणजे निदान अपेक्षा कमी राहील.

बाकीच्या कोटांबद्दल आभार.

धाकटा दीर


६ मार्च

वहिनी,

मागचं पत्र पोचलं असेल तर फाडा. पोचलं नसेल तर आल्यावर न फोडता फाडा. तुम्ही फोडणारच, तरी सांगतो.

काल दुपारी आईच्या चष्म्याचा स्क्रू सैल झाला. मी घरी नव्हतो. बारका पेचकस शोधायला तिने माझा ड्रॉवर उघडला. मी परतलो तर ती टेबलाशी बसलेली, पुढ्यात तुमचं पाकीट, आणि चष्मा एका काडीवर.

"ही पट्टी कधी आली?"

"गेल्या आठवड्यात."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"परत पाठवली तिने, आई. त्यात सांगण्यासारखं काय होतं?"

तिने ती फीत बोटाभोवतून सोडवली, जिच्यात तिची पट्टी गुंडाळून आली होती. टेबलावर सरळ केली. तळहाताने दाबून सुरकुत्या काढल्या. "आणि ही?"

"ती गुंडाळायला लावलेली."

"गुंडाळायच्या चिंधीला कोणी चारी कडा दुमडून शिवतं?" ती म्हणाली. "तुझी सगळी अक्कल लाकडात गेली."

मग तिने मला सांगितलं, आणि ते ऐकताना मला माझ्याच घरात पाहुण्यासारखं वाटलं. कपडेपटात एखाद्या नटाचं अंग सुटलं किंवा उतरलं, तर तुम्ही त्याला तोंडावर कधी बोलायचा नाहीत म्हणे. त्याच्या जुन्या पट्टीवर एक कोरी पट्टी गुंडाळून खिळ्याला लावायचात. तो आला, कोरी पट्टी बघितली, की समजायचा. माप जुनं झालंय, आत या. कोणाची चेष्टा नाही, कोणाचा अपमान नाही. आई काजं करत कोपऱ्यात बसायची, तिने हे किती वेळा बघितलंय. मी त्या खोलीत फक्त दाराची बिजागरी दुरुस्त करायला यायचो. नाट्यगृहातली प्रत्येक फळी मला ठाऊक आहे अशी माझी समजूत होती.

ती पट्टी मी कपडेपटातल्या खिळ्यावरून काढली होती. तुम्ही जाण्याआधीची. आई मला माप घेऊ देईना, म्हणून म्हटलं जुनी आहे तीच चालेल, मोठ्या माणसाचं माप काय बदलणार.

"मी वाळले ते तिला तिथे बसून कळलं," आई म्हणाली. "तू रोज समोर जेवायला बसतोस."

मी टेप काढला. म्हटलं, चल, आत्ता घेतो, उद्याच्या टपालात टाकतो.

"तू दारं-खिडक्यांची मापं घे."

"मग नव्या शिंपिणीला बोलावू का?"

"माझं माप तीच घेते," ती म्हणाली, आणि कोरी पट्टी घडी करून तिच्या पिशवीत ठेवली. त्याच पिशवीत, जी ती विमानात हातात धरून बसणार आहे.

नऊ वर्षांत आमच्या घरात कोणी तुमच्याबद्दल वर्तमानकाळात बोललं नव्हतं. घेते, म्हणाली. मी पेचकस शोधून चष्म्याचा स्क्रू बसवून दिला. त्याला नेहमीपेक्षा वेळ लागला.

तेव्हा आता नवा आराखडा. पाचवा कोट आम्ही येईपर्यंत तयार होणार नाही, विमानतळापासून ती माझ्या जॅकेटमध्ये असेल. तुमच्या रस्त्याला आणणार नाही हा शब्द मी परत घेतो. आजवर मी दिलेला शब्द परत घेतलेला नाही, याची नोंद घ्या. तुमच्याकडे कोणती ट्राम येते, आणि तुमच्या इमारतीला लिफ्ट आहे का, हे उलट टपाली कळवा. नसेल तर प्रत्येक मजल्यावर टेकायला काही आहे का तेही.

आणि तुम्ही काही कळवलं नाहीत, तर तो तुमचा हक्क आहे. पण पट्टीच्या कडा तुम्ही शिवून पाठवल्यात, वहिनी. उत्तर येईल असं मी धरून चालतो.

तुमचा,
धाकटा दीर


१९ एप्रिल

वहिनी,

हे पत्र नदीच्या अलीकडच्या हॉटेलातून लिहितोय, म्हणजे तुमच्या घरापासून एका पुलाच्या अंतरावरून. टपालात टाकणार नाही, फ्यूजच्या हाती खाली तुमच्या पेटीत टाकवीन. समोरासमोर सांगता येणार नाही अशा दोन गोष्टी आहेत. शिवाय गेले चार दिवस तुम्ही दोघी बोलताय, मध्ये बोट घालायला जागा नाही.

हे शहर मी बघितलं. चांगलं आहे. पूल रुंदीला माझ्यापेक्षा जास्त आहे, ते मान्य. दिवे एकाच बाजूला आहेत, तेही मान्य. आई बाकावर बसून बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "तुझा बरा होता." राणीसाहेब मखमली कॉलर वर करून त्यावरून चालल्या आणि त्यांचे बूट इथेही करकरले. फ्यूज आणि कुजबुज साक्षीदार आहेत.

आता पहिली गोष्ट. तुमच्या दाराशी काय झालं ते तुम्ही अर्धंच बघितलंत.

आई जिना चढताना प्रत्येक वळणावर थांबत होती. मला वाटलं गुडघ्यांसाठी. ओठ हलताना दिसले तेव्हा कळलं. कुजबुज तिच्या मागे दोन पायऱ्या सोडून होता, राणीसाहेब आणि फ्यूज त्याच्या मागे, मी सगळ्यांत शेवटी ट्रंक धरून. ती ट्रंक तुमच्याकडे का आणली ते राणीसाहेबांना विचारा. तुम्ही तेव्हा स्वयंपाकघरात नळ सोडून उभ्या होतात, असं तुम्हीच नंतर सांगितलंत. घंटा वाजली. दार उघडलं. आणि आईने, तालमीत करायची तशी, नजर उंबरठ्यावर ठेवून ते वाक्य म्हणायला सुरुवात केली. अडली नाही. एकही शब्द गाळला नाही. इतकी तयार भूमिका मी कित्येक वर्षांत ऐकली नव्हती. संपल्यावर तिने मान वर केली, तर समोर तुमचे यजमान. हातात टॉवेल.

मागून कुजबुज म्हणाला, "आई, माणूस चुकला." वरच्या मजल्यावरच्या कोणीतरी दार उघडून बघितलं.

तुमच्या यजमानांना अक्षरही कळलेलं नव्हतं. पण ते हसले नाहीत. टॉवेल खांद्यावर टाकला, हात छातीवर ठेवला, आणि तुम्ही त्यांना शिकवलेला असेल तो एकच शब्द म्हणाले, "या." मग पुन्हा, "या." एवढ्या उंच माणसाचा एवढा हळू आवाज. मला तो माणूस त्याच क्षणी पटला, हे त्यांना योग्य वेळी सांगा.

तुम्ही बाहेर आलात तेव्हा आईकडे बोलायला काही शिल्लक नव्हतं. म्हणून तिने पिशवी उघडली. पुढचं तुम्हाला माहीत आहे. तुम्ही "हात वर करा, आई" म्हणालात आणि तिने केले. आम्ही चौघं जिन्यातच उभे होतो, कोणाला आत जावंसं वाटेना. फ्यूज जिन्यातल्या दिव्याकडे बघत उभा राहिला. त्या दिव्यात बघण्यासारखं काही नव्हतं.

ते वाक्य तुम्हाला कोणी सांगणार नाही. यजमानांना कळलं नाही, आई दुसऱ्यांदा म्हणणार नाही, आणि कुजबुजला विचाराल तर तो म्हणेल की प्रॉम्प्टर प्रेक्षकांना काही सांगत नसतो. पण ज्याच्यासाठी होतं त्याच्यापर्यंत ते पोचलं नाही, ही गोष्ट मला स्वस्थ बसू देत नाही. मी शेवटच्या पायरीवर होतो, पण माझे कान चांगले आहेत. ते असं होतं:

"त्या दिवशी मी कडी लावली नव्हती. तू दार ढकलशील म्हणून आत बसून राहिले. तू ढकललं नाहीस, आणि मी उठले नाही. उठायला पाहिजे होतं मी."

यात माझा एकही शब्द नाही.

दुसरी गोष्ट. उद्या आम्ही चौघं निघतो, आणि तुमच्या दोघींच्या मते हे आधीपासून ठरलेलंच होतं की आई व्हिसा आहे तोवर इथे राहणार. माझ्या आराखड्यात ते नव्हतं. पण कालच मी बघितलं, करड्याऐवजी निळा कोट घालून ती तुमच्या खिडकीशी बसून कोणाच्या तरी अंगरख्याला काजं करत होती, आणि तुम्ही तिला म्हणत होतात, "आई, ते माझं काम आहे, द्या इकडे," आणि ती म्हणाली, "तुझी काजं मोठी होतात." तिला तिथून उठवण्याएवढा मी मूर्ख नाही.

म्हणून या काही सूचना. गुडघ्याचं मलम तिच्या पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात आहे. लावलं म्हणून सांगते, लावत नाही. चहा तिला पुरेसा गरम कधीच नसतो, पुन्हा तापवायला नेल्यासारखं करून तोच परत आणा. तुमच्या यजमानांनी काही वाजवलं तर ती झोपल्यासारखी दिसेल, ऐकत असते. मध्येच थांबले तर डोळे उघडून बघते.

आणि आणखी एक, हे मी कोणाला सांगितलेलं नाही. स्वयंपाकघरात काम करताना ती एकटीच बोलते. दादा गेल्यापासून. मला वाटायचं, त्याच्याशी बोलते, म्हणून मी तिकडे जात नसे. नवीन खिडकी बसवताना मला सकाळपासून तिथेच थांबावं लागलं, आणि तिला वाटलं हातोडीच्या आवाजात ऐकू येत नसेल. ती तुमच्याशी बोलत होती. रीतसर भांडत होती. अस्तर असं नको, आधी टाचून घे, एवढी घाई कसली तुला, जेवलीस का. मध्ये मध्ये थांबायची, तुमच्या उत्तरापुरती, आणि मग त्या उत्तरावर चिडायची.

इथे आल्यापासून मी लक्ष ठेवून आहे. तुम्ही बाहेर जाता तेव्हा ती तुमच्या स्वयंपाकघरात अगदी गप्प असते. ते बघून काळजीत पडू नका, प्रकृतीचं काही नाही. तुम्ही परत येण्याची वाट बघत असते.

तुमचा,
भावजी